सफायर नसेल तर घड्याळ कचरा? जरा दमानं घ्या

पायवाट

परवा स्मार्टवॉचच्या धाग्यावर 'ग्रेडपाच' यांनी फर्मान काढलं: "टायटॅनियम बॉडी आणि सफायर काच नसेल ते घड्याळ कचरा. ऍल्युमिनियम आणि साधी काच घेणारे सारखी नवी घेत बसतात, मी एकदाच घेतो." खाली +१ ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

घड्याळाच्या काचेचे शत्रू दोन आहेत, चरा आणि तडा. सफायर, म्हणजे कारखान्यात वाढवलेला नीलम स्फटिक, पहिल्याचा बंदोबस्त करतं. मोहच्या काठिण्य-श्रेणीत ते ९ वर, वाळूतलं क्वार्ट्झ ७ वर आणि काच साधारण ६ च्या आसपास. म्हणून खिशातल्या किल्लीने काचेचं सहसा काही बिघडत नाही, पण गिलाव्याच्या भिंतीला मनगट घासलं की चरा पडतो. इथवर सफायरवाल्यांशी माझं भांडण नाही.

भांडण पुढे आहे. सफायर ताठ असतं, वाकून धक्का पचवणं त्याच्या स्वभावात नाही. गोरिला ग्लास किंवा ऍपलच्या आयन-एक्स जातीची काच वितळलेल्या पोटॅशियम क्षारात बुडवून ठेवतात. लहान सोडियम आयन बाहेर जातात, त्यांच्या जागी मोठे पोटॅशियम आयन दाटीवाटीने बसतात आणि पृष्ठभाग आवळला जातो. ती काच चरे घेते, पण आपटणं बऱ्यापैकी सोसते. आता तुमचं घड्याळ जास्त वेळा घासतं की जास्त वेळा आपटतं, ते तुम्हालाच माहीत. मी डोंगरात फिरतो. माझ्या साध्या काचेवर जाळं झालंय, आकडे दिसतात, काम चालू आहे. मैत्रिणीचं सफायरवालं बेसिनच्या कडेवरून फरशीवर पडलं आणि कोपऱ्यातून कपचा उडाला. बदलायचा खर्च ऐकून तिने ते खणात टाकलं.

बॉडीचंही तसंच. घनता पाहा: ऍल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.५ च्या आत-बाहेर, स्टील ८. धावताना जड घड्याळ मनगटावर हिंदकळतं आणि हृदयाचे ठोके मोजणारा सेन्सर काहीही आकडे फेकतो. फायबर मिसळलेलं प्लास्टिक सगळ्यात हलकं, शिवाय जीपीएसच्या लहरी अडवत नाही. त्याला कचरा म्हणायला जीभ कशी वळते?

ग्रेडपाच

माझं अर्धं वाक्य उचललंत. असो, धागाच काढलाय तर ऐका.

चरा आणि तडा हे वेगळे शत्रू आहेत हे ऐकायला छान वाटतं, पण तडा सुरू होतो कुठून? पृष्ठभागावरच्या खोटीतून. तुमच्या त्या आवळलेल्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. खोल चरा तो थर ओलांडून गेला की पुढच्या धक्क्याला काच गेलीच. म्हणजे 'चरे घेते पण आपटणं सोसते' हे नव्या काचेबद्दल खरं आहे. तुमच्या जाळं झालेल्या काचेबद्दल नाही.

दुसरं, जाडी. वाकवणारा भार पेलायची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. पातळ सफायर फुटतं म्हणून जाड सफायरला शिव्या घालायच्या? मैत्रिणीच्या घड्याळाची काच कडेपर्यंत गोलाईची असणार, पैज लावतो. कडा उघड्या ठेवल्या तर काहीही फुटेल.

आणि कंपन्या काही मूर्ख नाहीत. ऍपल पहिल्या घड्याळापासून, म्हणजे २०१५ पासून, वरच्या बॉडींना सफायर देतं आणि ऍल्युमिनियमला आयन-एक्स. सॅमसंगने २०२२ मध्ये गॅलेक्सी वॉच ५ ला सफायर दिलंच ना?

पायवाट

मूर्ख नाहीत हो, विक्रेते आहेत. दुकानात ओरखडा दाखवता येतो, पडणं दाखवता येत नाही.

थराचा मुद्दा बरोबर आहे, घ्या. पण प्रत्येक चरा तेवढा खोल जात नाही. माझी काच कित्येक वर्षं त्याच जाळ्यासकट आपटतेय.

आणि हो, मैत्रिणीची काच गोलाईचीच होती. पैज जिंकलात. काय पाठवू, सफायर?

चष्मेबहाद्दर

दोघांनीही उन्हात घड्याळ पाहिलेलं दिसत नाही. सफायरचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवायची क्षमता, १.७७, काचेचा १.५ च्या आसपास. काचेच्या पृष्ठभागावरून ४ टक्के उजेड परततो तर सफायरवरून ८ टक्क्यांच्या जवळपास. भर दुपारी स्क्रीनमध्ये स्वतःचंच तोंड दिसतं. म्हणून वर परावर्तन कमी करणारं कोटिंग देतात आणि ते कोटिंग सफायरइतकं कठीण नसतं. मग लोक येऊन रडतात, 'सफायरवर ओरखडा कसा पडला?' अहो, सफायरवर नाही, कोटिंगवर पडलाय. चरे पडू नयेत म्हणून पैसे मोजायचे आणि वर चरे पडणारा थर चढवून घ्यायचा!

ग्रेडपाच

सगळ्यांवर बाहेरून कोटिंग नसतं, घेण्याआधी विचारायचं असतं. शिवाय निम्मे 'ओरखडे' म्हणजे सफायरवर घासलेल्या मऊ धातूचा माग असतो. खोडरबराने निघतो. करून बघा, मग रडा.

लेथवाला

काचेतलं मला कळत नाही, पण टायटॅनियम रोज कापतो, म्हणून बोलतो.

लोकांना वाटतं टायटॅनियम महाग म्हणजे अजिंक्य. ते महाग पडतं कारण कापायला वैताग आहे. उष्णता वाहून नेत नाही, सगळी टूलच्या टोकाशी साठते. टूल लवकर जातं, वेग कमी ठेवावा लागतो, कापलेला बारीक कीस पेट घेतो. तुम्ही मोजता त्यातले बरेचसे पैसे आमच्या टूलचे आणि वेळेचे असतात, टिकाऊपणाचे नव्हेत. ग्रेड २, म्हणजे शुद्ध टायटॅनियम, तर फारसं कठीणही नसतं, सहज ओरखडतं. ग्रेड ५ मध्ये ६ टक्के ऍल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, ते घड्याळांत सहसा असतं त्या ३१६एल स्टीलपेक्षा बरंच कठीण. जाहिरातीत नुसतं 'टायटॅनियम' लिहिलेलं असलं की मी पुढे वाचत नाही.

माझ्या मते बॉडी स्टीलची. ओरखडली तर बफ मारा, पुन्हा नवी. टायटॅनियमला ती चकाकी आणणं सोपं नाही, आणि रंगवलेल्या ऍल्युमिनियमला बफ मारला की रंगच उतरतो.

ग्रेडपाच

नाव वाचलंत का माझं? ग्रेड पाचबद्दलच बोलतोय मी. आणि कारखान्यातला अनुभव मनगटाला लागू होत नाही. लेथवर तुम्ही घड्याळ घालता का?

लेथवाला

लेथवर मनगटात काहीही घालत नाहीत साहेब. लेथवर फिरणाऱ्या धातूच्या तुकड्यात पट्टा अडकला तर घड्याळाबरोबर हातही जातो. हे ज्याला ठाऊक नाही त्याने धातूवर फर्मानं काढू नयेत.

ग्रेडपाच

विचारलं काय, उत्तर काय. व्यक्तिगत जायची हौस असेल तर चालू द्या.

रानवारा

जरा थांबा दोघं. स्टीलचा एवढा जयजयकार चाललाय म्हणून लिहितेय. ३१६एल मध्ये १० टक्क्यांहून जास्त निकेल असतं. बहुतेकांना काही होत नाही, मला झालं. घाम आणि ते स्टील, दोन्ही दिवसभर एकत्र, आणि पट्ट्याच्या कडीखाली हात लाल, मग पाण्याचे फोड. विक्रेता म्हणाला, 'पट्टा सैल बांधा.' सैल बांधला की ठोके चुकीचे येतात! शेवटी टायटॅनियम घेतलं, काही त्रास नाही. मला त्याच्या कडकपणाशी देणंघेणं नाही आणि ग्रेडपाच यांच्या +१ मध्ये मला मोजू नका.

आणखी एक. सगळे समोरची काच बघतात, मागची कोण बघणार? सेन्सरवर कधी प्लास्टिक असतं, कधी काच, कधी सिरॅमिक. कातडीला तोच भाग चोवीस तास लागतो.

किल्लीवाला

तुमचं सगळं वाचून करमणूक झाली. सफायरचं कौतुक आम्हाला सांगू नका. एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वाळेत माणिक बनवायची रीत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि किल्लीच्या घड्याळातली बेअरिंगं त्याच कृत्रिम माणकाची असतात. माणिक आणि सफायर, द्रव्य एकच.

पण तुम्ही हजार वर्षं टिकणारी काच कशावर बसवताय? मरणाऱ्या बॅटरीवर! लिथियम-आयन साधारण ५०० पूर्ण चार्ज-आवर्तनांत मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते. रोज चार्ज करावं लागणारं घड्याळ म्हणजे दीडेक वर्ष धरा. नंतर संध्याकाळी मनगटावर काळी चकती. काच मात्र निष्कलंक. कपाळ!

पायवाट

सहमत. मूळ लेखात हे यायला हवं होतं.

ग्रेडपाच

आकडा जुना आहे. ऍपल स्वतःच्या घड्याळाच्या बॅटरीसाठी ८० टक्क्यांपर्यंत १००० आवर्तनं सांगतं. आणि एका चार्जवर आठवडा-दहा दिवस चालणारी घड्याळं घेतली तर वर्षाकाठी आवर्तनं होतात किती? बॅटरी मरते हे कारण देऊन स्वस्त काच घ्यायची असेल तर चालणारं घड्याळ निवडायला आधी शिका.

किल्लीवाला

कंपनी सांगते आणि तुम्ही मानता. मला बॅटरी बदलून हवी होती. एका कंपनीने सांगितलं, 'हे मॉडेल दुरुस्त होत नाही, नवीन घ्या, थोडी सूट देतो.' चिकटवलेलं असतं सगळं. उघडायला गेलं की स्क्रीन जाते. ही टिकाऊपणाची व्याख्या?

लेथवाला

यात तथ्य आहे. चार स्क्रू दिले तर काय बिघडतं?

चष्मेबहाद्दर

पाणी जातं, ते बिघडतं. सील पुन्हा नीट बसलं की नाही हे दाबाखाली तपासावं लागतं. घरी उघडून घरीच बंद केलेल्या घड्याळावर '५ एटीएम' (पाच वातावरणांचा दाब, म्हणजे पन्नास मीटर पाण्याएवढा) लिहिलेलं असलं तरी ती शोभाच. आणि नव्यावरसुद्धा तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे, पन्नास मीटर बुडी मारायचा परवाना नव्हे.

किल्लीवाला

पाणी पाणी म्हणून हेच चालवतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे. आणि त्यातही मुख्यतः पाण्यात वापरायच्या उपकरणांसाठी सवलतीची फट आहेच. आता बघा, प्रत्येक घड्याळ रातोरात पाणबुडं होईल.

रानवारा

किल्लीवाले, तुमच्या घड्याळाला दर काही वर्षांनी उघडून तेलपाणी लागतं ना? त्याचा खर्च कधी सांगत नाही तुम्ही. आणि मी पडले तर ते कुणाला फोन करणार आहे?

किल्लीवाला

तेल घालून ते पुन्हा चालतं, एवढाच फरक. फोन करत नाही, मान्य. आम्ही पडलो तर ओरडतो.

ग्रेडपाच

धागा काचेचा होता. आता बॅटरीचा झाला, उद्या युरोपचा होईल.

पायवाट

पैसे वसूल होतात की नाही याचा धागा आहे, त्यामुळे बॅटरी विषयात बसते. जी वस्तू चार-पाच वर्षांत सॉफ्टवेअर आणि बॅटरीमुळे बाद व्हायची, तिच्या बॉडीवर आणि काचेवर जास्तीचे पैसे घालायचे असतील तर तो हौसेचा खर्च आहे. हौस करा, आम्हाला कचरा म्हणू नका.

आणि सफायरच सर्वोत्तम तर फोनला का नाही? ऍपलने २०१३ मध्ये जीटी ऍडव्हान्स्ड या कंपनीशी त्यासाठी करार केला, वर्षभरात, ऑक्टोबर २०१४ मध्ये, ती कंपनी दिवाळखोरीत.

ग्रेडपाच

ते मोठे स्फटिक हव्या त्या दर्जाचे निघेनात म्हणून. काच कमजोर होती म्हणून नव्हे. घड्याळाला इवलासा तुकडा लागतो. तुमचं उदाहरण तुमच्याच अंगावर आलं.

आता थोडं देतो, पावती जपून ठेवा: काच चपटी हवी आणि बॉडीची कड तिच्याहून किंचित वर हवी, हे मी सफायरपेक्षाही आधी बघतो. २०२२ चं ऍपल वॉच अल्ट्रा तसंच आहे. उघड्या गोलाईचं सफायर आणि कड असलेली साधी काच यांत मी दुसरं घेईन. प्लास्टिक बॉडी मात्र मेलो तरी घेणार नाही.

नवखा

नमस्कार. सगळं वाचलं, डोकं गरगरतंय. ऑफिस आणि थोडं पळणं, एवढंच काम आहे. साधी काच घेऊन वर टेम्पर्ड गार्ड लावला तर?

चष्मेबहाद्दर

गार्डच्या कडेखाली धूळ जाते, घाम जातो, स्पर्श नीट लागत नाही. महिन्याभरात उपटून टाकाल.

लेथवाला

उपटून दुसरा लावायचा. गार्ड फुटायलाच असतो. मी तर सफायरवरही लावलेला पाहिलाय, बुलेटप्रूफ जाकिटावर छत्री धरल्यासारखा.

रानवारा

चपट्या काचेला लावा, गोलाईच्या काचेला लावू नका. विषय संपला.

नवखा

ठीक. मग ऍल्युमिनियम, चपटी काच, वर कड, आणि बॅटरी आठवडाभर चालणारी. शेवटचा प्रश्न: काळं घेऊ की चंदेरी?

ग्रेडपाच

चंदेरी. ऍल्युमिनियमवरचा रंगीत थर पातळ असतो. काळ्यावर पहिला ओरखडा पडला की खालचा धातू पांढऱ्या रेघेसारखा चमकतो आणि रोज नजरेत खुपतो. चंदेरीवर शोधावा लागतो.

लेथवाला

सहमत. ग्रेडपाच आणि ऍल्युमिनियमचा सल्ला! तारीख लिहून ठेवतो.