प्रतिसाद: निओ मेट्रोचा मार्ग एकदा बघा तरी

'नाशिकएवढ्या शहराला मेट्रो कशाला, रस्ते रुंद करा' हे वर कोणीतरी लिहिलंय ते अजिबात पटलं नाही. अहो, आपल्या द्वारका चौकात वरून उड्डाणपूल गेलाय तरी खाली संध्याकाळी सिग्नल तीन-तीनदा सुटतो आणि आपण तिथेच. परवा आईला घेऊन गंगापूर रोडवरून नाशिकरोड स्टेशनला निघालो, रिक्षा सारडा सर्कलपासूनच मुंगीच्या पावलाने, शेवटी ती गुडघे धरून जिना चढली आणि गाडी डोळ्यांसमोर सुटली.

आणि एक मुद्दा राहिलाच, आपल्यासाठी आखलेली मेट्रो रुळांवरची नव्हतीच, निओ म्हणजे उंचावरच्या मार्गावर रबरी टायरची, वरच्या तारेतून वीज घेणारी लांब बस, म्हणून तर नेहमीच्या मेट्रोपेक्षा बरीच स्वस्त. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये तिच्यासाठी २,०९२ कोटींचा आकडा वाचून दाखवला होता, आणि गंगापूर ते नाशिकरोड हा त्यातलाच एक मार्ग होता, द्वारकेवरूनच जाणारा!