त्रेबीचच्या ज्यू स्मशानभूमीतील हिब्रू लेख वाचण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. चेक प्रजासत्ताकातील त्रेबीच या गावातल्या ज्यू वस्तीवर मी मराठीत लेख लिहीत असून एका ठिकाणी अडलो आहे. नदी आणि टेकडी यांमधील चिंचोळ्या पट्टीत वसलेल्या या वस्तीत जागा इतकी अपुरी होती की एकाच घराचे वेगवेगळे भाग निरनिराळ्या कुटुंबांच्या मालकीचे असत. त्यातच १७२६च्या कायद्याने मोराव्हियातील (त्रेबीच याच प्रांतात येते) ज्यू कुटुंबांची संख्या गोठवली आणि घरातील एकाच मुलाला लग्नाची परवानगी उरली. बाकीच्या भावंडांचे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही. १९४२मध्ये येथून २८१ ज्यूंना छळछावण्यांत नेले गेले, परतले केवळ १०.

माझी अडचण स्मशानभूमीतील शिळांची आहे. मी काढलेल्या एका छायाचित्रात अंगठे जुळवलेले दोन पंजे कोरलेले दिसतात, म्हणजे मृत व्यक्ती कोहेन या पुरोहित कुळातील होती, एवढे समजते. वर्ष मात्र हिब्रू अक्षरांत असते; प्रत्येक अक्षराला ठरावीक अंकमूल्य असते. ज्यू कालगणनेच्या वर्षातील पाच हजारांचा आकडा गाळलेला असल्याने अक्षरांच्या बेरजेत १२४० मिळवले की साधारणपणे इसवी सन मिळते. पण दगड झिजल्यामुळे शेवटचे अक्षर ‘बेत’ आहे की ‘काफ’, हे मला ठरवता येत नाही, आणि पहिल्याचे मूल्य २ तर दुसऱ्याचे २० असल्याने मृत्यूचे साल अठरा वर्षांनी पुढेमागे होते.

बेने इस्रायली समाजातील कोणी, किंवा कोकणातील ज्यू कबरींवरचे हिब्रू लेख वाचण्याचा सराव असलेले कोणी, ही छायाचित्रे पाहून मार्गदर्शन करू शकेल का?