मदत हवी आहे: अ‍ॅटिक फॅन बंद पडलाय, थर्मोस्टॅट की मोटर?

नमस्कार मंडळी, डॅलसजवळ राहतो, अ‍ॅटिकमध्ये (आपला पोटमाळाच) भिंतीला 120 व्होल्टवाला एक्झॉस्ट फॅन आहे, वर तापलं की आपोआप सुरू होतो. म्हणजे व्हायचा. परवा बायको म्हणाली हल्ली वरून ती घरघर येत नाही, आणि खरंच वरची बेडरूम रात्री अकरालाही तापलेली असते, एसी थांबायचं नाव घेत नाही.

शनिवारी सकाळी सहालाच वर चढलो, दुपारी तिथे 130-140 फॅरनहाइट होतं, जीव जाईल. ब्रेकर ट्रिप नाहीये. तो बंद करून पातं हाताने फिरवलं तर जेमतेम अर्धा फेरा मारून थांबतं. थर्मोस्टॅटची (तापमान बघून फॅन चालू-बंद करणारी) डबी उघडली, डायल 105 वर, आत धूळ आणि गांधीलमाशीचं रिकामं घर. ब्रेकर परत लावून डायल पार खाली आणला तरी हूं की चूं नाही. टेस्टर डबीत येणाऱ्या काळ्या वायरला पेटतो, मोटरकडे जाणारीला नाही.

बाबा सध्या नाशिकहून आलेत, खाली शिडी धरून त्यांचं एकच, "कंडेन्सर गेलाय, कंडेन्सर बदल." आपल्याकडे सिलिंग फॅनला अडीचचा कंडेन्सर टाकला की पळतो ना, त्यावरून. वर मलाच ओरडतात, काळी म्हणजे न्यूट्रल ना रे! इथे काळी लाईव्ह असते हे पटवता पटवता नाकी नऊ आले.

तर नुसता थर्मोस्टॅट बदलू की अख्खा फॅन?

प्रतिसाद:
अहो थांबा, आधी ब्रेकर बंद करून थर्मोस्टॅटच्या दोन्ही वायरी काढा, एकमेकींना जोडा, वायर नट (वायरींच्या जोडावर बसणारी प्लास्टिकची टोपी) लावा, मग ब्रेकर लावा. फॅन फिरला तर थर्मोस्टॅट गेला. नुसता गुणगुणला तर कंडेन्सर किंवा बेअरिंग. हे फक्त टेस्टपुरतं हं, तसंच ठेवलंत तर चोवीस तास चालेल. आणि छपराच्या कडेखालच्या सॉफिट व्हेंटवर (हवा आत येण्याच्या जाळ्यांवर) इन्सुलेशन आलंय का तेही बघा, तिथून हवा मिळाली नाही तर फॅन तुमच्या एसीची गार हवाच वर ओढतो. चालताना पाय जॉइस्टवरच (लाकडी तुळयांवर), नाहीतर थेट बेडरूममध्ये उतराल.

मूळ धागाकर्ता:
केलं. नुसता गुणगुणला! लाकडी पट्टीने पात्याला ढकललं तर हळूहळू सुरू झाला, दहा मिनिटांत मोटर हात लावू नये इतकी तापली आणि बंद. म्हणजे थर्मोस्टॅट तर गेलाच, मोटरचंही काही खरं नाही. सॉफिटच्या तीन खिडक्या इन्सुलेशनने बुजलेल्या होत्या, मोकळ्या केल्या.

कंडेन्सरवर 5 एमएफडी (मायक्रोफॅरड) लिहिलंय, तेवढाच घ्यायचा ना? की बेअरिंग सुकलंय म्हणून आता मोटरच बदलू? बाबा रात्रीपासून नुसते हसतायत.