‘लिसनर’ला मराठीत काय म्हणावं?

मुक्काम_लीड्स: आमच्या मंडळातर्फे भारतातून नव्याने येणाऱ्या मुलांसाठी (खरं तर त्यांच्या आईवडिलांसाठी) मराठी माहितीपत्रक करतोय. एक परिच्छेद नाइटलाइनवर आहे. विद्यापीठातले विद्यार्थीच रात्रभर इतर विद्यार्थ्यांचे फोन घेतात. १९७० साली एसेक्स विद्यापीठात पहिली सुरू झाली, आता ब्रिटनभर आहेत. नाव विचारत नाहीत, सल्ला देत नाहीत. तर फोन घेणाऱ्याला काय म्हणू? ‘श्रोता’ लिहिलं तर बायको म्हणाली, मैफल कुठे आहे?

शेवंती: समुपदेशक?

खवट: त्यात ‘उपदेश’ ठाण मांडून बसलाय, आणि हे लोक नेमका तोच करत नाहीत. शिवाय समुपदेशक म्हणजे शिकलेला व्यावसायिक, ही पोरं स्वयंसेवक.

भाऊ_सातारकर: साधं ‘ऐकणारा’ म्हणा की.

शेवंती: ‘आमचा मुलगा ऐकणारा आहे’ म्हणजे काय, ते कुठल्याही आईला विचारा. पत्रक आयाच वाचणार आहेत.

भाऊ_सातारकर: मग ‘ऐकून घेणारा’.

शेवंती: ते आणखी वाईट. ‘मी का म्हणून ऐकून घेऊ?’ सासुरवाशिणींनी जन्मभर केलं ते.

भाऊ_सातारकर: ‘अगं, ऐकून तरी घे’ असंही म्हणतोच ना आपण? क्रियापद तेच, आणि तिथे अर्थ अगदी यांना हवा तोच.

शब्दयोगी: ‘निशाश्रवणसेवा’ आणि ‘श्रवणमित्र’ सुचवतो. ‘महापौर’ आणि ‘दिनांक’लाही सावरकरांच्या काळी लोक हसलेच होते.

खवट: श्रवणमित्र म्हणजे कर्णयंत्राचं दुकान. मोफत तपासणी, रविवारी बंद. ‘दिलासा’ घ्या, ‘दिलासा देणारे’. कानाला गोड आहे.

शब्दयोगी: फारसी.

खवट: तुम्ही रोज ‘हजर’ असता इथे, ते कुठल्या भाषेत?

पूर्वी_पाळीवर: मी शिकत असताना हे काम केलंय, म्हणून लिहिते. दिलासा फारसी आहे म्हणून नव्हे, खोटा आहे म्हणून नको. ‘होईल गं सगळं नीट’ हे वाक्य जिभेवरून काढणं, यातच प्रशिक्षणाचा अर्धा वेळ जातो. आपल्या मराठी तोंडाला ते फार जड. कुणी रडायला लागलं की आपण आधी ‘रडू नकोस’ म्हणतो. तिथे रडू द्यायचं, गप्प राहायचं, आणि फार तर ‘मग तुला काय वाटलं?’ एवढंच विचारायचं. कोर्स सोडायचा म्हणत असेल तर सोड नाही, सोडू नको नाही. याला काय म्हणायचं हा प्रश्न मला घरी पडलाच नाही, कारण मी हे काम करते हे बाहेर सांगायचंच नव्हतं. फोन करणाऱ्याला वर्गातलंच कुणी ऐकतंय अशी धास्ती नको.

शेवंती: पण इतक्या रात्री परक्याला फोन करण्यापेक्षा घरी का नाही करत?

पूर्वी_पाळीवर: हिवाळ्यात तिकडे मध्यरात्र म्हणजे इकडे पहाटेचे साडेपाच. आई उठलेली असते, फोन उचलेलही. पण कर्ज काढून पाठवलेल्या मुलाने तिला सांगायचं काय?

मुक्काम_लीड्स: हे परिच्छेदात घालतो. शब्द मात्र अजून हवाय. छपाई शुक्रवारी.

वऱ्हाडी_बाणा: आमच्याकडे शेतात रात्री राखणीला जातात त्याला ‘जागली’ म्हणतात. ‘जागलीला गेला’. रात्रभर जागणारा तो जागल्या. घ्या की.

भाऊ_सातारकर: वा! सल्ला नाही, उपदेश नाही, नुसतं जागं राहायचं.

शब्दयोगी: जागल्या म्हणजे गावाचा पहारेकरी. उद्या पालक विचारतील, वसतिगृहात चोऱ्या होतात का?

खवट: आणि जागल्या आरडाओरडा करून डुकरं हाकलतो. इथे गप्प बसायचंय.

वऱ्हाडी_बाणा: ओरडतो तो डुकरं आल्यावर. बाकी रात्र गप्पच असतो. मचाणावर बसून पाहा एकदा.

शेवंती: पण राखण आणि जागली एकच ना?

वऱ्हाडी_बाणा: छे. राखण दिवसाही असते, पाखरांची, हातात गोफण. जागली रात्रीचीच.

मालवणी_माणूस: राखण म्हटल्यावर आमका आधी राखणदार आठवता. रात्री गावाची शीव राखणारो. तेका नारळ देवचो लागता.

भाऊ_सातारकर: आमच्याकडे त्याच नारळाला ‘मान’ म्हणतात. तुमच्याकडे काय?