शीर्षपादांची कातडी: उचलायचे काय, रचना की प्रथिन?

मिरजेचा मास्तर:
स्क्विड हा ऑक्टोपससारखा शीर्षपाद गटातला समुद्री प्राणी. त्याच्या कातडीत वरच्या बाजूला रंगद्रव्याच्या लवचिक पिशव्या असतात. भोवतालच्या स्नायूंनी त्या ताणल्या की ठिपका पसरतो, सैल सोडल्या की टिंबाएवढा होतो. त्यांच्याखालच्या चमकदार पेशींत रंगद्रव्य नसतेच; तिथे रिफ्लेक्टिन या प्रथिनाचे पातळ थर असतात आणि थरांच्या जाडीवरून परावर्तित रंग ठरतो. तिच्यावरून नवे पदार्थ बनवायचे, तर माझ्या मते आपण यातली रचना तेवढी घ्यावी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील अलॉन गोरोडेत्स्की यांच्या गटाने २०१९ मध्ये लवचिक पॉलिमरवर तांब्याचा पातळ थर दिला. तो ताणला की तांब्याची बेटे दूर सरतात आणि फटींतून उष्णता बाहेर पडते. त्यात प्रथिनाचा कणही नाही.

कराडकर, जैवतंत्रज्ञान:
असहमत. नुसती रचना उचलली तर निम्मे शहाणपण समुद्रातच राहते. स्क्विडच्या कातडीत ॲसिटिलकोलीन या मज्जातंतूंच्या रासायनिक दूताचा संदेश पोहोचला की रिफ्लेक्टिनला फॉस्फेट जोडले जाते, त्यावरील धन प्रभार कमी होतो, रेणू एकवटतात, थरांतले पाणी बाहेर पडते, थर पातळ होतात आणि रंग तांबड्याकडून निळ्याकडे सरकतो. संदेश ओसरला की सारे पूर्ववत. हे कोणते रबर करते? त्याच गटाने २०२० मध्ये मानवी पेशींकडून रिफ्लेक्टिन तयार करून घेतले आणि मिठाचे प्रमाण बदलून त्या पेशी प्रकाश किती विखुरतात, हे बदलून दाखवले. तांब्याला ते कसे जमणार?

तासगावचा बागायतदार:
मी मास्तरांच्या बाजूचा, पण अर्धाच. आमचा हिरवा बेदाणा शेडनेटखाली रॅकवर सुकतो. थेट ऊन लागले की तो काळपट पडतो आणि सौद्यात दर घसरतो. त्या जाळीला प्रथिन फासले, तर वळवाच्या पहिल्या सरीनंतर बुरशीच काढत बसावी लागेल. पण मास्तर, तुमची ती तांब्याची चादर भर दुपारी ताणायची कोणी? त्यासाठी मोटार बसवायची, तर एवढा खर्च करून साधी जाळी काय वाईट?

कराडकर, जैवतंत्रज्ञान:
रॅकवरच्या जाळीपुरते तुमचे मान्य. रिफ्लेक्टिनचे काम पाण्यात, पेशीच्या आत चालते आणि तिथेच ते वापरावे, असे माझे म्हणणे आहे. जिवंत पेशीचा धूसरपणा तिला न मारता कमी करता आला, तर सूक्ष्मदर्शकाखाली आतले व्यवहार चालू असताना पाहता येतील. मात्र ताणणाऱ्या हाताचा तुमचा प्रश्न माझ्यापेक्षा मास्तरांनाच अधिक अडचणीचा आहे, कारण ताणण्याचे काम करणारे स्क्विडचे स्नायू त्यांनी आपल्या चादरीच्या हिशेबात धरलेलेच नाहीत.