ग्रीसची उन्हाळी अभ्याससहल: नेमका कोणता ग्रीस शिकवायचा?

अश्मक (धागाकर्ता)

अमेरिका आणि ब्रिटनमधील विद्यापीठांचे विद्यार्थी दर उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमासाठी ग्रीसला जातात आणि तिकडे शिकणारी आपली मुलेही त्यांत असतात. मार्ग बहुधा ठरलेला असतो: अथेन्स, डेल्फी, ऑलिम्पिया, मायसीनी, एपिडॉरस आणि शेवटी क्रीटमधील नोसॉस. माझा आक्षेप असा, की या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ग्रीसचा इतिहास अलेक्झांडरपाशी संपतो आणि पुन्हा सुरू होतो तो थेट हॉटेलच्या स्वागतकक्षात.

अथेन्समधील अक्रोपोलिस या प्राचीन गडाच्या टेकडीचेच पाहा. तिथले पार्थेनॉन हे अथीना देवीचे मंदिर इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात उभे राहिले, हे प्रत्येक जण वहीत लिहून घेतो. मात्र ते पुढे कित्येक शतके चर्च होते, उस्मानी अमलात मशीद झाले आणि १६८७ मध्ये तुर्कांनी आत साठवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा पडून उद्ध्वस्त झाले, एवढा सगळा भाग एका वाक्यात उरकला जातो. १८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाल्यानंतर टेकडीवरची मध्ययुगीन आणि उस्मानी बांधकामे टप्प्याटप्प्याने हटवण्यात आली. प्रवेशद्वाराजवळचा उंच फ्रँक (मध्ययुगीन पश्चिम युरोपीय) मनोरा १८७५ मध्ये पाडला गेला. म्हणजे आज जी टेकडी दिसते ती जितकी प्राचीन अथेन्सचा नेता पेरिक्लीस याची, तितकीच एकोणिसाव्या शतकाने निवडून ठेवलेली आहे.

ऑलिम्पिया वगळून ते दिवस थेसालोनिकीला द्यावेत, असे माझे मत आहे. हे शहर १९१२ पर्यंत उस्मानी साम्राज्यात होते, ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातील १९२३ च्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत तेथील मुसलमान गेले आणि आशिया मायनरचे (आजच्या तुर्कस्तानातील) ख्रिस्ती निर्वासित आले, आणि १९४३ मध्ये तेथून ४०,००० हून अधिक ज्यूंना आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीत नेण्यात आले. आजचा ग्रीस समजून घ्यायचा, तर हे टाळून कसे चालेल?

मंदाकिनी

आपला मुद्दा नैतिकदृष्ट्या आकर्षक आहे, पण अध्यापनाच्या दृष्टीने मला तो पटत नाही. १९२३ चा करार किंवा १९४३ ची हद्दपारी यांवर उत्तम ग्रंथ आहेत आणि ते आपल्या गावच्या ग्रंथालयात बसूनही वाचता येतात. याउलट प्निक्सच्या टेकडीवर उभे राहिल्याशिवाय अथेन्सची लोकसभा कशी चालत असेल, हे उमगत नाही. काही निर्णयांना ६,००० नागरिकांची उपस्थिती आवश्यक असे. तो समुदाय त्या उतारावर कसा मावत असेल, वक्त्याचा आवाज कुठवर पोहोचत असेल आणि खाली अगोरा, म्हणजे प्राचीन शहराचा बाजारचौक, किती हाकेच्या अंतरावर आहे, हे पायी चालल्यावरच कळते. अगोरात १९३१ पासून अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीजचे उत्खनन चालू आहे आणि उन्हाळ्यात विद्यार्थी स्वतः तेथे काम करतात. मातीचा एक थर संपून दुसरा कुठे सुरू झाला, हे हाताला कळणे याला पर्याय नाही. शिवाय एपिडॉरसच्या रंगमंडलात प्राचीन नाटके उन्हाळ्यातच होतात. ऑलिम्पिया काढून टाकणे म्हणजे पाया खणून खिडकी बसवणे होय.

अश्मक

एपिडॉरसचे उदाहरण आपण दिलेत हे बरे झाले, कारण तिथली नाटके बहुतांशी आधुनिक ग्रीक भाषेत होतात आणि आपल्या विद्यार्थ्याला ‘कालीमेरा’पलीकडे (म्हणजे ‘सुप्रभात’पलीकडे) त्या भाषेतले काही शिकवलेले नसते. स्थळ पाहिल्याशिवाय कळत नाही, हा न्याय थेसालोनिकीला का लागू नये? तेथील ज्यूंच्या विस्तीर्ण दफनभूमीच्या जागेवर आज विद्यापीठ उभे आहे. ग्रंथात हे वाक्य वाचणे आणि त्याच आवारात वर्ग भरलेले पाहणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

पारिजात

वाद रंगला आहे, तरी दोघांनीही उन्हाचा विचार केलेला दिसत नाही. जुलै २०२३ आणि जून २०२४ मध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अक्रोपोलिस दुपारी काही तास बंद ठेवावे लागले होते. सप्टेंबर २०२३ पासून तेथे दिवसाला २०,००० प्रेक्षकांची मर्यादा असून प्रवेशाची वेळ आधी ठरवावी लागते. तेव्हा विद्यार्थी दुपारभर संग्रहालयातच असणार, आणि ते वाईट नाही. २००९ मध्ये उघडलेल्या अक्रोपोलिस संग्रहालयात वरच्या मजल्यावर मूळ शिल्पे मधाळ रंगाची आहेत, तर ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने नेलेल्या आणि १८१६ मध्ये ब्रिटनने विकत घेतलेल्या शिल्पांच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती आहेत. प्राचीन आणि आधुनिक ग्रीस तेथे एकाच भिंतीवर आहेत. मंदाकिनीताई, तिथे आधुनिक इतिहास टाळून शिकवून दाखवा.

मंदाकिनी

टाळावा असे मी म्हटलेलेच नाही, प्राधान्य कशाला हा प्रश्न आहे.

कऱ्हाकाठ

मला एक तिसरी अडचण दिसते. प्राचीन ग्रीस हा आजच्या ग्रीसच्या सीमेत मावतच नाही. इतिहासकार हेरोडोटसचे जन्मगाव हॅलिकार्नासस म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील बोद्रुम, आणि तत्त्वज्ञ थेलीसचे मिलेटसही तिकडेच आहे. फार कशाला, कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची दाने ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. हे दाते वंशाने ग्रीक होते की नाही, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत हे मान्य, पण मराठी विद्यार्थ्याने अथेन्सला जाण्यापूर्वी कार्ले पाहिलेले असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. आयोनियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या या पश्चिम किनाऱ्यावर आज ग्रीक वस्ती जवळपास का उरली नाही, याचे उत्तर मात्र १९२२-२३ मध्येच मिळते. म्हणजे निव्वळ प्राचीन इतिहास शिकायचा म्हटले तरी अश्मक यांच्या मुद्द्याला वळसा घालता येत नाही.

मंदाकिनी

हा युक्तिवाद मला मान्य आहे. अश्मक यांनी तो केला नव्हता, एवढीच नोंद करते. परंतु थेसालोनिकीसाठी ऑलिम्पियाचा बळी कशाला? बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत शेवटी सँटोरिनीवर ‘मोकळे’ दिवस असतात. ते कापा.

अश्मक

सँटोरिनीवर आक्रोतिरी आहे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले कांस्ययुगीन नगर. तिथे एक सकाळ तरी ठेवावी लागेल. उरलेले दिवस थेसालोनिकीला द्यायला माझी हरकत नाही. पोहण्याच्या वस्तूंची यादी ज्या विद्यार्थ्यांच्या हाती आधीच पडली आहे, त्यांची हरकत असू शकते.