मदत हवी आहे: लोकरीचे हातमोजे फेल्ट होत नाहीत

लष्करकर (ग्वाल्हेर)
जानेवारीत सकाळी स्कूटरवर साध्या विणलेल्या हातमोज्यांतून वारा आरपार जातो, म्हणून फेल्टचे (विणलेली लोकर गरम पाण्यात आटवून दाट केलेले) करायचे आहेत. चार बोटं एकत्र, अंगठा वेगळा. ८ नंबरच्या सुयांवर ४४ टाके, गोल, सगळं सुलट. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये कढत पाणी, भरपूर साबण, ४० मिनिटं. नुसती लव आली, टाके अजून मोजता येतात. काय चुकतंय?

सुईदोरा (इंदूर)
आधी धागा जाळून बघा. बोटभर तुकडा चिमट्यात धरायचा, खाली स्टीलची ताटली. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत बाजूला केली की ती विझते आणि राख चिमटीत चुरडते. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. आपल्याकडे दुकानात विणायच्या कुठल्याही धाग्याला लोकरच म्हणतात, म्हणून ही परीक्षा हवीच. ॲक्रिलिक कितीही उकळा, फेल्ट होणार नाही.

लेबलवर 'सुपरवॉश' आहे का तेही पाहा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम साबणाच्या पाण्यात घासले की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. फेल्ट म्हणजे एवढंच. सुपरवॉशमध्ये हे खवले काढलेले किंवा लेप देऊन बुजवलेले असतात.

लष्करकर
वास केसांचा, राख चुरडली. सुपरवॉश लिहिलेलं नाही.

उलटसुलट (बडोदा)
मग विण घट्ट आहे. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, ती स्वेटरची सुई. फेल्टसाठी तंतूंना हलायला जागा लागते. त्याच लोकरीला ४ नंबर (६ मिमी) घ्या. विण जाळीसारखी विरळ, बेढब दिसेल, तशीच हवी.

१० सेंमीत १६ टाके, २० ओळी बसल्या तर ४४ टाक्यांचा घेर साडेसत्तावीस सेंमी होतो. ७२ ओळी विणा, म्हणजे लांबी ३६. अंगठ्याला १८ टाके. रुंदी साधारण पाचव्या हिश्श्याने आटते, लांबी जवळजवळ एक तृतीयांशाने, म्हणून हातमोजा आधी विचित्र लांब दिसतो. मध्यम जाडीची १०० ग्रॅम लोकर जोडीला पुरते.

हे आकडे आधाराला. प्रत्येक लोकर वेगळी आटते, रंग बदलला तरी फरक पडतो. आधी १५ सेंमीचा चौकोन विणून, मापून, फेल्ट करून पुन्हा मापा. ही पायरी टाळू नकाच.

सुईदोरा
साबणही कमी करा, एक चमचा बास. फेस फार झाला की घासणंच होत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर वडीचा साबण साक्यासारखा चिकटतो, लिक्विड वापरा. पाणी ६० अंशांच्या आसपास. दोन्ही मोजे उशीच्या अभ्र्यात बांधा आणि सोबत रंग न जाणाऱ्या दोन जुन्या जीन्स टाका. रिकाम्या टबात मोजे नुसते तरंगतात. टॉवेल नको, त्याचे धागे फेल्टमध्ये रुततात.

दर पाच मिनिटांनी मशीन थांबवून बघा. अंगठ्याच्या आत बोट घालून दोन्ही थर सुटे करा, नाहीतर ते एकमेकांना कायमचे चिकटतात. टाके दिसेनासे झाले की दर दोन मिनिटांनी हातात घालून बघा. जास्त आटलं तर इलाज नाही. स्पिनर चालवू नका, पडलेल्या घड्या तशाच वाळतात. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, ओलं असतानाच ओढून आकार द्या, आत प्लॅस्टिकच्या पिशव्या कोंबून सावलीत वाळवा.

लष्करकर
मनगटाला दोन सुलट दोन उलट बॉर्डर चालेल? आणि आधीच्या जोडीचं काय?

उलटसुलट
बॉर्डर फेल्ट केली की तिचा ताण जातो, झालरीसारखी पसरते. मोजा वाळल्यावर काठाला जाड सुईने भोकं पाडून टाके उचला आणि १० नंबरच्या सुयांवर ६ सेंमी बॉर्डर विणा. ती पुढे कोमट पाण्यातच धुवायची.

जुनी जोडी उसवायला जाऊ नका, लव आल्यावर धागा तुटतो. ती कपडे धुवायच्या दगडावर गरम पाण्यात हाताने रगडा. थोडी दाट होईल, मापात मात्र फार फरक पडणार नाही.